बंदरावरून गेलेला नांगर

नोकरीतल्या पुष्कळ गुन्ह्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्याला असताना पकडला, हे सांगताना हल्ली माझा गोंधळ होतो आणि घरचे हसतात. पनवेल बंदरावरून नाहीशा झालेल्या नांगराचा तपास मात्र फिर्यादीपासून शेवटच्या सहीपर्यंत जसाच्या तसा लक्षात आहे. नांगर म्हणजे शेतीचा नव्हे, जहाजाचा. त्यातली बरीचशी माणसे अजून तिथेच राहतात, म्हणून कोणाचेही नाव लिहीत नाही.

निवृत्तीला थोडीच वर्षे उरली असताना माझी नेमणूक खाडीकाठची हद्द असलेल्या ठाण्यावर प्रभारी म्हणून झाली. एका अंगाला कोळीवाडा, त्याला लागून कोकणी मुसलमानांचा मोहल्ला, मागे बाजारपेठ आणि त्याही मागे महामार्गाचा अखंड आवाज. नव्या माणसाला सांगूनही पटत नाही की इथे एकेकाळी मोठे बंदर होते. भरतीच्या पाण्याबरोबर पडाव आणि मचवे, म्हणजे शिडाची मालवाहू गलबते, गावापर्यंत यायचे. मुंबईहून कापड, किराणा, कौले यायची. इथून तांदूळ, मीठ, लाकूडफाटा जायचा. पुढे रस्ते झाले, पूल झाले. ज्या मालाला भरतीची वाट बघावी लागे तो ट्रकमधून जाऊ लागला. दोन्ही काठांना भराव पडले, पात्रात गाळ साचला. मी रुजू झालो तेव्हा ओहोटीला खाडीत पाण्यापेक्षा चिखलच जास्त दिसायचा, आणि भरती आली की मासेमारीच्या लहान होड्या तेवढ्या हलायच्या.

जुन्या बंदराची म्हणून ठळक खूण एकच राहिली होती. काठावर, कोळीवाडा संपून मोहल्ला सुरू होतो तिथे, पुरुषभर उंचीचा एक लोखंडी नांगर जमिनीत तिरका रुतून उभा होता. नारळी पौर्णिमेला कोळणी त्याला हळद-कुंकू लावायच्या. मोहल्ल्यातले म्हातारे संध्याकाळी त्याला टेकून गप्पा मारायचे. कोणाचा तो, असा प्रश्न कोणाला पडला नव्हता.

प्रश्न पडला तो पालिकेने खाडीकाठ सुशोभित करायचे ठरवले तेव्हा. चालायला फरसबंद वाट, बसायला बाके आणि मध्यभागी चौथऱ्यावर तो नांगर, असा आराखडा निघाला. चौथरा आला म्हणजे पाटी आली आणि पाटी आली म्हणजे मजकूर आला. कोळीवाड्यातल्या तरुण मंडळाने सांगितले की हा नांगर आपल्या पूर्वजांच्या आरमारातला आहे. मोहल्ल्यातल्या पोरांनी सांगितले की तो अरबस्तानातून आलेल्या गलबताचा आहे, आमच्या नाखवांचा आहे. नाखवा म्हणजे जहाजाचा मालक. दोन्ही बाजूंनी मोबाइलवर लांबलचक मजकूर फिरू लागले. मग चहाच्या टपरीवर बाचाबाची झाली, एकाची कॉलर धरली गेली आणि आमच्याकडे अदखलपात्र नोंद झाली. मी दोन्हीकडच्या पोरांना बोलावून समज दिली. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. मिरवणूक त्याच काठावरून जाते, त्यामुळे बंदोबस्ताचा कागद मी आधीच वर पाठवून ठेवला होता.

आणि एका सकाळी ठाणे अंमलदाराचा फोन आला. नांगर जागेवर नव्हता.

मी पोहोचलो तेव्हा दोन्हीकडची माणसे जमली होती आणि मध्ये मोकळी जागा होती. नांगर होता तिथे ओला खड्डा आणि शेजारी जड गाडीच्या चाकांच्या खुणा. आम्ही पंचनामा केला. कोळीवाड्याच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष फिर्याद द्यायला पुढे आला. पोरगा मनाने वाईट नव्हता, पण आवाज मोठा होता आणि पाठीमागे गर्दी असली की तो आणखी मोठा व्हायचा. त्याने मोहल्ल्याकडे बोट दाखवले. मी फिर्यादीत बोट घेतले नाही, फक्त घडलेले घेतले आणि अज्ञात इसमाविरुद्ध चोरीचा गुन्हा दाखल केला.

तपासात पहिली गोष्ट कळली ती गमतीची होती. नांगर रात्री गेलाच नव्हता. आदल्या दिवशी भर दुपारी गेला होता. काठावर सुशोभीकरणाचे काम चालू होते, खोदणारी यंत्रे आणि क्रेन रोज ये-जा करत होत्या. क्रेन बसवलेला एक ट्रक आला, नांगर उचलला आणि गेला. बघणारे पुष्कळ होते, पण प्रत्येकाला वाटले काम चालू आहे. चोर लपूनछपून येतो अशी लोकांची समजूत असते. दिवसाउजेडी क्रेन घेऊन आलेल्या माणसाला कोणी हटकत नाही, उलट गाडी मागे घेताना हात दाखवून मदत करतात. इथे तर कोळीवाड्यातल्याच एकाने ती केली होती.

बंदर रस्त्यावरच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात तो ट्रक दिसला. नंबर प्लेट चिखलाने माखलेली. मात्र ट्रकच्या पुढे वाट दाखवत एक मोटारसायकल होती आणि तिचा नंबर स्पष्ट होता. मोटारसायकल मोहल्ल्यातल्या एका तरुणाची निघाली. तो आखातात एसी दुरुस्तीचे काम करायचा, सुट्टीवर आला होता आणि नव्या कंपनीत जाण्यासाठी पोलीस दाखल्याचा अर्ज आमच्याच ठाण्यात पडून होता. त्याचे आजोबा म्हणजे मोहल्ल्यातले शेवटचे नाखवा. ज्यांच्या नावाने पोरे भांडत होती तेच.

मी त्याला नोटीस देऊन चौकशीला बोलावले. तो वेळेवर आला, इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि समोर बसून गप्प राहिला.

चौकशीत माणसे नाना तऱ्हेने वागतात. खोटे बोलणारा सहसा भरपूर बोलतो, न विचारलेलेही सांगतो. सराईत असेल तर वकिलाचे नाव घेतो. हा पोरगा यातले काहीच करत नव्हता. मोटारसायकल तुझी का, हो. ट्रकपुढे तूच होतास का, हो. ट्रक कोणाचा, नांगर कुठे, कोणी सांगितले, यावर मान खाली. आमच्या गुन्हे पथकातल्या एका हवालदाराने आवाज चढवला, तरी त्याचा चेहरा हलला नाही. मी त्याला समजावून सांगितले की तुझा अर्ज माझ्या टेबलावर आहे, या गुन्ह्यात तुझे नाव आले तर दाखला मिळणार नाही, नोकरी जाईल. तो म्हणाला, ठाऊक आहे.

संध्याकाळी त्याला घरी जाऊ दिले, दुसऱ्या दिवशी परत बोलावले. तो परत आला आणि परत गप्प बसला. उठताना मात्र त्याने एक विनंती केली.

"साहेब, मला रोज बोलवा, मी येतो. पण आमच्या घरी पोलीस पाठवू नका. दादांच्या, माझ्या आजोबांच्या, हार्टचं ऑपरेशन झालंय. मी मुंबईला व्हिसाच्या कामाला जातो असं घरी सांगितलंय."

हवालदार म्हणाला की हा घराची झडती टाळतोय. तसे असू शकत होते. पण तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजात जी काळजी होती ती स्वतःच्या सुटकेची वाटली नाही. इतक्या वर्षांत मी एवढे शिकलो होतो की गप्प बसणारा प्रत्येक माणूस स्वतःलाच वाचवत असतो असे नाही. मी घरी पोलीस पाठवला नाही, साध्या कपड्यांतली एक महिला शिपाई मोहल्ल्यात फिरून आली. तिने येऊन सांगितले की नाखवा खरेच घरात पडून आहेत, सून त्यांना बाहेरची कुठलीच बातमी कळू देत नाही.

बाहेर वातावरण तापत होते. पोरगा ठाण्यात येतो-जातो हे कोळीवाड्याला कळले होते. चोर सापडला असून पोलीस त्याला पाठीशी घालतात, असा मजकूर फिरला. मोहल्ल्यात उलटा मजकूर फिरला की निरपराध मुलाला छळतात. शांतता समितीची बैठक घेतली, ती शांततेत झाली नाही. मंडळाच्या अध्यक्षाने स्पष्ट सांगितले की पौर्णिमेपर्यंत नांगर जागेवर आला नाही तर मिरवणूक मोहल्ल्याच्या तोंडाशी थांबेल आणि पुढचे आम्ही बघू. मी त्याला म्हणालो, पुढचे बघायला मी आहे. पण ठाण्यात परतल्यावर बंदोबस्ताला जादा माणसे मागितली. मिरवणूक थांबली की पहिला दगड कुठून येतो ते कधीच कळत नाही, आणि नंतर कळून उपयोग नसतो. त्या काठावरची घरे इतकी जवळजवळ आहेत की एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात शिंकवते.

मला आणखी एक भीती होती. नांगर म्हणजे शेवटी लोखंड, आणि कळंबोलीचा लोखंड बाजार हाकेच्या अंतरावर. तिथल्या एखाद्या आवारात गॅस कटर लागला की त्याचे ओळखू न येणारे तुकडे व्हायला फार वेळ लागत नाही. आमचे पथक रोज तिथल्या भंगारवाल्यांकडे फिरत होते. कोणी काही पाहिले नव्हते.

शेवटी खबर आली ती लोखंड बाजारातल्या वजनकाट्याजवळच्या चहावाल्याकडून. तो आमचा जुना खबऱ्या. त्याच्या गाडीवर एक क्रेनवाला ड्रायव्हर चार माणसांत हसत सांगत होता की गेल्या आठवड्यात दोन म्हाताऱ्यांचे भाडे मारले, असे गिऱ्हाईक जन्मात पाहिले नाही. चहावाल्याला त्यात विशेष वाटले नव्हते. पण आमचा हवालदार नांगराबद्दल विचारून गेला होता, म्हणून त्याने फोन केला.

ड्रायव्हरला आणला तेव्हा तो घाबरला होता, पण दडवण्यासारखे त्याच्याकडे काही नव्हते. मोटारसायकलवाल्या पोराने त्याला ठरवले आणि रस्ता दाखवला. नांगर उचलायला दोन म्हातारे हजर होते. म्हातारे त्या नांगराशी रोजच टेकलेले असत, म्हणून बघणाऱ्यांना त्यात विशेष वाटले नसावे. एक मोठ्या दाढीचा, टोपी घातलेला. दुसरा काळाभोर, कमरेला रुमाल गुंडाळलेला. साखळी कुठे बांधायची यावरून त्यांनी ड्रायव्हरला काही करू दिले नाही, स्वतःच बांधली. मग दोघेही हट्टाने केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसले आणि वाटभर भांडत राहिले. कोणत्या तरी वादळात डोलकाठी मोडली तेव्हा सुकाणूवर कोण होते, यावरून.

"साहेब, चोर असे नसतात," ड्रायव्हर म्हणाला. "त्या काळ्या म्हाताऱ्याने तर गाडी थांबवून मला भजी खाऊ घातली."

नांगर कुठे उतरवला, असे मी विचारले. विचुंब्याला, म्हणजे जवळच्याच गावात, असे तो म्हणाला.

दाढीवाला म्हातारा कोण ते सांगायला नको होते. दुसरा कोण, तेही आमच्या जमादाराने लगेच ओळखले. तो मूळचा उरणकडचा, खाडीची माणसे त्याला माहीत. म्हणाला, हा कोळीवाड्यातला तांडेल. तांडेल म्हणजे जहाज चालवणारा. आणि फिर्याद देणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षाचा सख्खा चुलता.

मी जमादाराला घेऊन त्याच सकाळी विचुंब्याला गेलो. तांडेलाची लेक तिथे दिलेली, जुन्या गावठाणात घर. मागे नव्या इमारती उभ्या राहत होत्या. श्रावणातले ऊन पडले होते. घराला वळसा घालून परसात गेलो आणि दोघेही जागीच थांबलो. भिंतीशी नांगर आडवा टाकलेला होता आणि त्याच्या वर आलेल्या फाळावर दोन गोधड्या वाळत घातल्या होत्या. आठवडाभर ज्याच्यासाठी मला झोप नव्हती, त्याच्यावर गोधड्या वाळत होत्या. जमादार तोंड फिरवून हसला. मी वाकून आधी कटरची खूण कुठे आहे का ते पाहिले. लोखंड शाबूत होते.

लेक बाहेर आली आणि पोलीस बघून रडायलाच लागली. ती म्हणाली, बाबाला सांगून थकले, ही ब्याद कशाला आणली, पण तो ऐकत नाही. मागून तांडेल आला. त्याला आमच्या येण्याचे आश्चर्य वाटलेले दिसले नाही. खाट ओढून त्याने मला बसायला सांगितले.

नांगर का आणला, असे मी सरळ विचारले.

"पोरं डोकी फोडाया निघाली व्हती, साहेब. हे म्हनत आमचा, ते म्हनत आमचा. नाखव्याला नि मला कोनी इचारलाच नाय. मग आमी दोगांनी ठरवला, वस्तूच नाय ठेवायची. पुनव जाऊं दे, मग बघू."

"तुम्ही मोबाइल वापरत नाही?"

"नाय."

"गावात काय चाललंय ते कळलं नाही?"

तो नाही म्हणाला. दवाखान्याच्या निमित्ताने नातवाने नाखवांना घराबाहेर काढले होते; नांगर उतरवून त्यांना घरी पोहोचवले आणि तांडेल इथेच राहिला होता. पौर्णिमा होईपर्यंत कोणाच्या नजरेला पडायचे नाही असे दोघांचे ठरले होते. वस्तू नाहीशी झाली की भांडण नाहीसे होईल, हा त्यांचा हिशोब. तो किती उलटा पडला होता याची त्याला कल्पनाच नव्हती. मी सांगितले. चोरीचा गुन्हा दाखल झाला, मिरवणूक अडवायच्या गोष्टी चालल्या आहेत, आणि नाखवांचा नातू रोज माझ्यासमोर बसून एक शब्द बोलत नाही, त्याची परदेशातली नोकरी जायची वेळ आली आहे.

तांडेल ऐकताना उभाच होता. नातवाचे ऐकले तेव्हा त्याने दोरीवरचा सदरा काढला आणि अंगात घालायला लागला.

"त्याला आमी शपथ घातली व्हती," तो म्हणाला. "कोनाला बोलशील तं तुझ्या आजाला मुकशील, असा नाखवा बोलला. चला, साहेब."

खांदेश्वर मागे टाकून आम्ही गावात शिरलो तेव्हा त्याने सांगितले की आधी नाखव्याकडे घ्या, त्याला मीच सांगतो, तुम्ही सांगाल तर त्याला धक्का बसेल. मी गाडी गल्लीबाहेर ठेवली आणि त्याला एकट्याला आत पाठवले. बराच वेळ तो आला नाही. मला काळजी वाटू लागली, कारण आतल्या माणसाला काही झाले असते तर ते माझ्या हद्दीत आणि माझ्या परवानगीने झाले असते. मग दोघे दारात दिसले. नाखवांनी अंगावर शेरवानी चढवली होती आणि सून मागून, नका जाऊ अब्बा, नका जाऊ, म्हणत होती. ते तांडेलाच्या खांद्यावर हात ठेवून गाडीपर्यंत चालत आले.

"साहेब, पोऱ्याला सोडा," ते म्हणाले. "गुनाह आमच्या दोघांचा आहे. त्याने फक्त आमचं ऐकलं."

ठाण्यात नातू नेहमीच्या बाकावर बसला होता. आजोबांना बघून तो ताडकन उठला आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा बदलला. मी काही बोललो नाही दादा, एवढेच म्हणाला. नाखवांनी त्याचे डोके छातीशी धरले. आमचा आवाज चढवणारा हवालदार तेवढ्यात तिघांसाठी चहा सांगून आला.

मला घाई होती ती वेगळी. त्याच दिवशी शांतता समितीची शेवटची बैठक होती. मी ती ठाण्याच्या आवारातच बोलावली आणि दोन्ही म्हाताऱ्यांना मध्ये खुर्च्या दिल्या. आदल्या रात्री नीट झोप नसलेली, भांडायच्या तयारीने आलेली माणसे त्यांना बघून गोंधळली. मी नांगर सापडल्याचे सांगितले आणि पुढचे त्यांच्यावर सोडले.

तांडेल उठून बोलला. आम्ही नेला, चोरला नाही, तो आमचाच आहे, असे त्याने सांगितले. पुतण्या चटकन उभा राहिला. चुलत्यासमोर आवाज चढवणे त्याला जड गेले, तरी तो म्हणाला, "काका, तो आपल्या आरमाराचा हाय. तुमी कसा नेलाव?"

"कसला आरमार?" तांडेल म्हणाला. "दारूखान्यातून आनलाय, मुंबईच्या. जहाजं तोडतात ना, तिथून. नाखव्यानं भंगारात घेतला."

मागे बसलेल्या एका कोळणीला हसू आवरेना. मोहल्ल्यातली पोरे खाली बघू लागली, कारण अरबस्तानही त्याच वाक्यात बुडाले होते. मग नाखवा बसल्या जागेवरून सांगू लागले. त्यांचा मचवा होता, तांडेल तो चालवायचा. मीठ आणि तांदूळ घेऊन मुंबईला, कौले घेऊन परत. पहिला नांगर हलका होता, एका वादळात तो धरेना, म्हणून हा जड घेतला. पुढच्या वादळात याच नांगराने खाडीच्या तोंडाशी मचवा धरून ठेवला, खलाशी वाचले. नंतर धंदा बसला. मचवा मोडीत काढला तेव्हा लाकूड गेले, शीड गेले. नांगर काठावर राहिला.

"का राहिला, ते पण सांग," तांडेल म्हणाला.

नाखवा हसले. "इतका वजनी होता की भंगारवाला पण न्यायला तयार झाला नाही. म्हणून राहिला."

आता सगळेच हसले. इतके दिवस ज्यावरून माणसे एकमेकांच्या अंगावर जात होती, ती वस्तू केवळ कोणी नेईना म्हणून तिथे राहिली होती. त्या हसण्यात काय होते ते मला नीट सांगता येणार नाही, पण बैठकीतल्या माणसांचे खांदे सैल झालेले मी पाहिले. पाटीवर काय लिहायचे, असे कोणीतरी विचारले. पाटी नको, असे दोघे म्हातारे एकदमच बोलले, आणि तेवढ्यापुरते त्यांचे एकमत झाले. लगेच डोलकाठीचा विषय निघाला आणि परत भांडण सुरू झाले.

कागद मात्र पुरे करावे लागतात. नांगर मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात आणला. मालकांनी स्वतःची वस्तू स्वतःच नेली, म्हणजे चोरी झालीच नाही; गुन्हा गैरसमजुतीतून नोंदला गेला म्हणून न्यायालयाकडे क समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवला. तोवर पौर्णिमा आली. नांगर ठाण्याच्या आवारात, आणि पूजा तर करायची. कोळणी नटूनथटून तिथेच आल्या, हळद-कुंकू लावून गेल्या. मिरवणूक मोहल्ल्याच्या तोंडाशी थांबली ती नाखवांच्या दारात, त्यांना नारळ द्यायला. मी तिथे हेल्मेट घालून उभा होतो. थोड्या वेळाने ते काढून हातात घेतले.

न्यायालयाचा आदेश आल्यावर नांगर परत देण्याचा सुपूर्तनामा झाला. दोघांच्या सह्या हव्या होत्या. पहिली कोणी करायची यावर त्यांनी माझी अर्धी सकाळ खाल्ली. परत नेताना साखळी त्यांनीच बांधली, पण या वेळी ओढायला अध्यक्ष आणि नातू दोघे होते. नातवाचा दाखला मी त्याच आठवड्यात दिला. तो वेळेत गेला. विमानतळावर त्याला सोडायला कोण गेले होते, ते जमादाराने मला सांगितले: अध्यक्षाची गाडी होती आणि मागच्या सीटवर दोन म्हातारे.

मला या प्रकरणाने काय शिकवले, असे लोक विचारतात. चोरीच्या फिर्यादीत वस्तू कोणाची, हा रकाना असतो. तिथे आपण फिर्यादी सांगेल ते नाव लिहून पुढे जातो. त्या काठावर पालिका, मंडळ, मोहल्ला आणि पोलीस अशा सगळ्यांनी त्या नांगराबद्दल आपापले ठरवले, पण ज्यांनी तो प्रत्यक्ष पाण्यात टाकला होता त्या दोघांना कोणी विचारले नाही. पुढच्या प्रत्येक गुन्ह्यात तो रकाना भरताना मी थोडा थांबू लागलो.

दुसरे असे की पोलिसाच्या नोकरीत यश म्हणतात त्याला बहुतेक वेळा एक दुसरी बाजू असते. आरोपी सापडतो, म्हणजे कुठल्या तरी घरातला कर्ता माणूस जातो. शाबासकी मिळते त्या दिवशीही जेवण धड जात नाही. या तपासात कोणालाच शिक्षा झाली नाही, कोणाचे घर बसले नाही, आणि संशयित, फिर्यादी, साक्षीदार सगळे आपापल्या घरी जेवायला गेले. पौर्णिमेच्या मिरवणुकीनंतर मी ठाण्यात परतलो, स्टेशन डायरी पुढे ओढली आणि ‘हद्दीत शांतता’ अशी नोंद स्वतःच्या हाताने केली. हे शब्द आम्ही वर्षानुवर्षे सवयीने लिहितो. त्या संध्याकाळी ते लिहून मी पेन खाली ठेवले, बुटांच्या नाड्या सैल केल्या आणि खुर्चीतच मला डुलकी लागली.